मिस्त्रींच्या नावाची नळी

बाजारातल्या जिन्याखाली एक जागा आहे. उभं राहिलं तर डोकं आपटतं, बसलं तर ऐसपैस वाटते. त्या जागेत एक शिवणयंत्र, एक स्टूल, एक इस्त्री आणि एक बाई एवढं मावतं. पाचवी वस्तू आली की बाईला बाहेर यावं लागतं. पॅन्टच्या, जॅकेटच्या, दप्तरांच्या, सुटकेसच्या चेन दुरुस्त करायचं काम ती एकवीस वर्षं करते आहे, म्हणून अख्खा बाजार तिला चेनवाली म्हणतो. तिलाही त्याचं काही वाटत नाही. ‘नवी चेन बसवा’ म्हणत कुणी आलं, तर ती आधी चेनीचा रनर डोळ्यांजवळ धरते, बारीक पकडीनं दोन्ही बाजूंनी चिमटते, वरखाली फिरवून बघते आणि दहातल्या सात जणांना तसंच परत पाठवते. असा धंदा करतात का, असं शेजारचा कुलपं विकणारा तिला दर आठवड्याला विचारतो.

तिची खरी खोड वेगळी आहे. कुणाचं अर्धवट राहिलेलं काम दिसलं की तिचे हात शिवशिवतात. लहानपणी थोरल्या भावाचा गृहपाठ ती त्याच्याच अक्षरात लिहायची. मास्तरांना कधी कळलं नाही आणि भावाला कधी गणित आलं नाही. लग्नानंतर नवऱ्याचे रजेचे अर्ज, बँकेचे फॉर्म, विजेच्या बिलाची तक्रार, सगळं आपोआप तिच्याकडे आलं. नवऱ्याची सही ती नवऱ्यापेक्षा चांगली करते. एकदा तो स्वतः बँकेत सही करायला गेला, तर ‘जुळत नाही’ म्हणून परत पाठवला. एकुलती एक लेक शाळेत असताना तिला हस्तकलेत मिळालेलं पहिलं बक्षीसही खरं तर कुणाचं, हे घरातल्या तिघांनाच माहीत आहे. लेक आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे आणि तिला साधं बटण लावता येत नाही.

नवरा बसडेपोच्या वर्कशॉपात ब्रेकचं काम करतो. तीस वर्षं झाली. डेपोत त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, आणि आता बायकोही चारचौघांत ‘आमचे मिस्त्री’च म्हणते. बस फाटकातून आत येतानाच तो नुसत्या आवाजावरून सांगतो, मागचं डावं चाक. तेच स्वतःच्या अंगातून कुठला आवाज आला तर रेडिओ मोठा करतो. डॉक्टरकडे जाणं म्हणजे आपण होऊन पोलिस चौकीत जाण्यासारखं आहे, असं त्याचं मत.

तर अशा माणसाच्या हातात डेपोच्या सिस्टरनं एक हिरव्या झाकणाची, बोटाएवढी नळी दिली.

डेपोनं त्या वर्षी पन्नाशीपुढच्या सगळ्या कामगारांसाठी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी ठेवली होती. काही होत नसलेल्यांनीच द्यायची तपासणी. नळीच्या झाकणाला आतून एक काडी असते. ती शौचाला टोचायची, परत नळीत घालायची, झाकण कट् असा आवाज येईपर्यंत दाबायचं आणि नळी सिस्टरकडे द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते प्रयोगशाळेत बघतात. ज्याच्यात सापडेल त्याची पुढे दुर्बिणीची तपासणी. सगळं फुकट. वर्कशॉपात त्यावरून ज्या कोट्या झाल्या त्या मिस्त्रींनी घरी अर्ध्याच सांगितल्या.

नळी घरी आली आणि आरशामागच्या फळीवर पडली. चेनवालीनं सोबतचा कागद दोनदा वाचला. तिला असं सगळं वाचायची सवय आहे, इस्त्रीच्या खोक्यावरचंसुद्धा. मग तिनं नवऱ्याच्या मागे लागायला सुरुवात केली. आधी गोडीनं, मग टोमण्यांनी. मिस्त्री म्हणाले, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, झालेलं नाही त्यांनीच द्यायचीय, कागदावर लिहिलंय. मिस्त्री म्हणाले, मग ज्यांना झालंय त्यांनी काय घोडं मारलंय? असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी लेकीनं फोनवर बापाला सांगितलं की नळी दिली नाहीत तर मी रजा काढून येते आणि डेपोत सगळ्यांसमोर तुम्हाला विचारते. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री अर्धा तास आत होते. बाहेर आले ते गड जिंकल्यासारखे. नळी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलीय, संध्याकाळी देतो, असं सांगून ते पहिल्या पाळीला गेले. शीळ वाजवत गेले.

चेनवालीनं न्हाणीघर घासायला घेतलं. ब्रश खिडकीच्या कडेवरून फिरला आणि नळी खाली बादलीत. आयुष्यभर नटबोल्ट आवळणाऱ्या माणसानं झाकण मात्र नुसतं टेकवून ठेवलं होतं. काडी एकीकडे, नळी एकीकडे आणि आतलं औषध साबणाच्या पाण्यात.

ती तशीच हात पुसून डेपोत गेली. सिस्टर तिशीतली, चष्म्याची, घाईघाईनं बोलणारी. तिनं दुसरी नळी काढली, मिस्त्रींच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाली, काही बिघडलं नाही, उद्या परत द्यायला सांगा. चेनवालीच्या तोंडावर काय उमटलं कोण जाणे, सिस्टरनं तिला स्टूलवर बसवून समजावलं. गेल्या वर्षी दुसऱ्या डेपोत चारशे जणांनी नळी दिली. एकवीस जणांत रक्त सापडलं. चार जण पुढे आलेच नाहीत. सतरा जणांची दुर्बीण झाली. त्यात सहा जणांच्या आतड्यात पॉलिप म्हणजे मांसाचे कोंब होते, ते तिथल्या तिथे काढून टाकले. एकाला कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा, तो माणूस आज कामावर आहे. बाकीच्या दहा जणांत काही नव्हतं. ‘साहेब लोक विचारतात, दहा जणांची दुर्बीण वायाच गेली ना?’ सिस्टर म्हणाली. ‘मी म्हणते, एका माणसाचा आजार उशिरा कळला तर त्याच्या इलाजाला जेवढं लागतं, तेवढ्यात या सगळ्यांच्या नळ्या आणि सगळ्यांच्या दुर्बिणी होतात. शिवाय तो माणूस राहीलच असं नाही. तरी यंदापुरतंच मंजूर झालंय. आणि फक्त कामगारांसाठी.’

‘आणि घरच्यांचं?’ चेनवालीनं सहज विचारलं.

घरच्यांचं नाही, सिस्टर म्हणाली.

परत येताना चेनवाली एकच विचार करत होती, की हा माणूस दुसऱ्यांदा काही बसायचा नाही. गड एकदाच जिंकतात. वर नळी कुणी सांडली म्हणून जन्मभर ऐकावं लागेल ते वेगळंच. शुक्रवारपर्यंत ज्यांची नळी येणार नाही त्यांची नावं फलकावर लागणार होती, आणि नळी भरली म्हणून तर तो सकाळपासून डेपोभर सांगत असणार. मुद्दा काय, नळी भरून जायला हवी. आणि दोघं एकाच पातेल्यातलं खातो, एकाच माठातलं पितो, अठ्ठावीस वर्षं. त्याच्या पोटात काय आणि माझ्या पोटात काय, असा फरक तो कितीसा असणार?

संध्याकाळी तिनं नवऱ्याला ‘नळी मी पोचवते’ एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते काम पुरं केलं. कागदात लिहिल्याप्रमाणे, एकही पायरी न गाळता. झाकण कट् वाजेपर्यंत दाबलं. नळी पिशवीत घालून डेपोत नेऊन दिली आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की तुमची नळी मी पोचवली. मिस्त्री म्हणाले, बरं केलंस.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, मिस्त्री दुपारीच घरी आले. ती जेवायला आली होती. ते चप्पल न काढता आत आले आणि खुर्चीवर बसले.

‘सिस्टरनं बोलावलं होतं,’ ते म्हणाले. ‘माझ्यात रक्त सापडलं.’

चेनवालीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं नीट खाली ठेवला. नंतर बऱ्याचदा तिनं स्वतःला विचारलं की तेव्हाच का नाही बोललीस. तेव्हा तिला बोलता आलं नाही हे खरं. ‘त्यांच्यात नाही, माझ्यात’ हे वाक्य मनात जुळलं, पण ते बाहेर काढलं की ते खरं होणार होतं. न काढलं तर निदान संध्याकाळपर्यंत ते मिस्त्रींच्या नावावर राहणार होतं.

त्या संध्याकाळचे नऊ दिवस झाले.

दुर्बिणीची तारीख पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची मिळाली. आणि या मधल्या दिवसांत मिस्त्री बदलले. आधी त्यांनी कपाटातले कागद काढून तिला एकेक समजावले, जे सगळे तिनंच भरलेले होते. मग ते पाळी संपली की सरळ घरी न जाता जिन्याखाली यायला लागले. ती स्टूल त्यांना द्यायची आणि आपण बाहेर खोक्यावर बसायची. ते उसवलेल्या चेनीचे दोरे काढत बसत. ब्रेकच्या कामानं वाकलेली ती जाड बोटं, पण दोरा न तोडता अख्खा ओढून काढत. कुलपं विकणाऱ्याला म्हणाले, आमच्या हिच्यासारखा हात या बाजारात कुणाचा नाही. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं, तेही तिसऱ्याला सांगताना.

रविवारी ते चहा पीत असताना म्हणाले, ‘तुला एक सांगायचंय. डेपोत मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तू हे काम करतेस ते. बायको घरीच असते म्हणायचो.’

तिनं का म्हणून विचारलं.

‘पॅन्टच्या चेनी म्हटलं की हसतात लेकाचे. मला ते नको होतं.’ मग कप खाली ठेवून म्हणाले, ‘माझंच चुकलं. त्या चेनींवर पोरीचं कॉलेज झालं.’

तिला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याहून जास्त काही तरी आलं, आणि त्यात लाज होती. हा माणूस मरणाच्या भीतीनं मऊ झाला होता, ती भीती खोटी होती हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ते मऊ बोलणं तिला हवंहवंसं वाटत होतं. आजचा दिवस ऐकू दे, उद्या सांगते, असं करत ती रोज उद्यावर ढकलत होती. रात्रीची झोप मात्र तिची उडाली होती, त्याची नव्हे. स्वतःचं पोट ती जिन्याखाली बसल्या बसल्या दाबून बघायची. कुठे दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं. काही होत नसलेल्यांनीच द्यायची तपासणी, हे तिनंच नवऱ्याला वाचून दाखवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी आतडं साफ करायचं औषध प्यायचं होतं. मोठा जग भरून पाण्यात कालवलेली पावडर, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. मिस्त्री घड्याळ समोर घेऊन बसले. पहिला ग्लास त्यांनी डोळे मिटून घेतला. दुसऱ्याला अंगावर शहारा आला. ती लिंबाची फोड घेऊन शेजारी उभी. तिसऱ्या ग्लासानंतर ते उठले आणि घाईघाईनं आत गेले. मग परत आले, चौथा घेतला, परत गेले. सहाव्या ग्लासानंतर ते आत जाताना भिंतीला हात धरून गेले. तोंड उतरलं होतं. दारातून वळून म्हणाले, ‘तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नको.’

तेवढ्यानं तिचा बांध फुटला. ती बंद दारापाशी गेली आणि दाराला टेकून खाली बसली.

‘अहो.’

‘काय?’

‘ती नळी तुमची नव्हती.’

तिनं सगळं सांगितलं. ब्रश, बादली, दुसरी नळी, नावाची चिठ्ठी. एकाच पातेल्याचंही सांगितलं. सांगताना ते तिलाच इतकं खुळ्यासारखं वाटलं की मध्येच तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. बोलून झाल्यावर ती थांबली. आत नळ चालू झाला, बंद झाला.

‘म्हणजे रक्त तुझ्यात सापडलंय,’ मिस्त्री आतून म्हणाले.

‘हो.’

‘मग मी हे काय पितोय?’

थोड्या वेळानं आतून आवाज आला, ‘आणि मी जे बोललो आठवडाभर, ते सगळं परत घेतो.’ आणखी थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, ‘तुला काही होतंय का गं? दुखतंय कुठे?’

नाही म्हणाली ती. बाहेर आल्यावर त्यांनी जगमधलं उरलेलं औषध मोरीत ओतलं नाही. झाकून ठेवलं. मग तिच्याशी काही न बोलता अंगावर पांघरूण घेऊन पडले, आणि मधून मधून उठून जात राहिले, कारण प्यायलेलं आता परत घेता येणार नव्हतं.

सकाळी दोघं रुग्णालयात गेले. डेपोच्या लोकांना घेऊन सिस्टर तिथे आलेलीच होती. मिस्त्रींनी सांगायला सुरुवात केली आणि ‘एकाच पातेल्यातलं’पाशी सिस्टरनं खालचा ओठ दाताखाली धरला. मग तिनं चष्मा काढून पुसला आणि ती रागावली. दोन माणसांचं नुकसान झालं, म्हणाली. मिस्त्रींची तपासणी झालीच नाही, आणि ताईंचे नऊ दिवस गेले. तिनं रजिस्टर उघडून मिस्त्रींच्या नावापुढची नोंद खोडली. त्यांना दुर्बिणीची गरज नाही, नवी नळी द्यायची. आणि ताई तर तिच्या कागदावर कुठेच नव्हत्या. कामगार नाहीत, नळी त्यांच्या नावाची नाही. दुर्बीण त्यांना स्वतःच्या खर्चानं करावी लागणार होती. फुकटवाल्या मोठ्या रुग्णालयात रांग चार महिन्यांची.

सिस्टरनं खर्चाचा आकडा सांगितला. चेनवालीनं कापडाची कड शिवायच्या ओव्हरलॉक मशीनसाठी तीन वर्षं बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले असते आणि वर थोडे घालावे लागले असते.

तिनं विचारलं, ‘सिस्टर, मी परत एकदा नळी दिली तर? माझ्या नावानं. विकत घेते. त्यात नाही आलं तर मग नकोच ना पुढचं?’

‘तसं नाही करायचं, ताई. रक्त रोज येत नाही. दुसऱ्यांदा नाही दिसलं म्हणून पहिलं पुसलं जात नाही. उगीच मनाची समजूत.’

‘पण सतरामधल्या दहा जणांत काहीच नव्हतं म्हणालात.’

‘नव्हतं. तुमच्यातही कदाचित नसेल. ते मला बाहेरून सांगता येणार नाही.’

मिस्त्री म्हणाले, करून टाकू. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा, पैसे माझे आहेत. मग ती पैसे भरायच्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसली. समोर माणसं येत होती, पावत्या घेत होती. एवढा पैसा घालून ‘काही नाही’ असं ऐकायचं म्हणजे नवी कोरी चेन बसवून घ्यायची आणि रनरच सैल होता असं कळायचं. दहातल्या सात जणांना ती स्वतः असा खर्च करू देत नाही. पण त्या सातांमधला कोण आणि उरलेल्या तिघांतला कोण, हे तिला तरी कुठे माणूस बघून कळतं? त्यासाठी प्रत्येकाचा रनर डोळ्यांजवळ धरावाच लागतो. ती उठली, खिडकीशी गेली आणि पुढच्या गुरुवारची वेळ घेतली.

त्या आठवड्यात मिस्त्री तिच्याशी कामापुरतं बोलले. जिन्याखाली आले नाहीत. राग आहे असं तिनं धरून चालायचं ठरवलं. बुधवारी मात्र ते अर्ध्या पाळीतूनच घरी आले, आणि कालवायचा जग तिच्या हातातून काढून घेतला. या कामात आता त्यांचा हात बसला होता. पाणी आधी गार करायचं, पावडर तळाशी राहू द्यायची नाही, ग्लास एका दमात घ्यायचा, चव घेत बसायचं नाही. तिसऱ्याला मळमळतं, तिथे दहा मिनिटं जास्त थांबलं तरी चालतं. हे सगळं ते नव्या पोराला ब्रेकचं काम शिकवावं तसं सांगत होते. न्हाणीघराच्या दारात त्यांनी स्टूल आणून ठेवलं, दिवा लावून ठेवला. पाचव्या ग्लासाला ती म्हणाली, आता नाही होत. ते म्हणाले, ‘मी विनाकारण सहा प्यायलोय. तू कारणासाठी एक पी.’

ती प्याली.

दुर्बीण झाली तेव्हा तिला गुंगीचं इंजेक्शन होतं. जाग आली तेव्हा पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई मिस्त्रींना काही तरी दाखवत होत्या. नंतर त्या तिच्याकडे आल्या. आतड्याच्या डाव्या वळणावर एक कोंब होता, शेंगदाण्याएवढा. तारेचा फास टाकून मुळापासून काढला. तपासायला पाठवलाय, दहा दिवसांनी कळेल.

‘कॅन्सर आहे का?’ तिनं विचारलं. जीभ जड होती.

दिसायला तसा वाटत नाही, पण बघितल्याशिवाय सांगणार नाही, त्या म्हणाल्या. ते दहा दिवस तिनं जिन्याखाली इतक्या चेनी बसवल्या की कुलपंवाल्यानं विचारलं, कुठल्या शाळेचं काम मिळालंय का? मध्येच एका सकाळी मिस्त्री स्वतःची नवी नळी झाकण दोनदा दाबून, स्वतः डेपोत देऊन आले. त्याचा निकाल तीन आठवड्यांनी येणार होता.

दहाव्या दिवशी दोघं रिपोर्ट घ्यायला गेले. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि सरळ सांगितलं. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. तो तसाच राहिला असता तर काही वर्षांत कॅन्सर झालाही असता. किंवा नसताही झाला. कुठल्या कोंबाचं पुढे काय होईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दिसला की काढतात. आता इलाज काही नाही, औषध काही नाही. तीन वर्षांनी परत एकदा दुर्बीण करायची. आणि थोरल्या भावाला सांगा, म्हणाल्या, त्यांनीही तपासून घ्यायला हवं.

बाहेर आल्यावर तिला एकदम भूक लागली. रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या बसथांब्यावर दोघं बसले. मिस्त्रींनी रिपोर्ट परत उघडून वाचला, घडी घातली, परत उघडला. तिच्या मनात आलं, आता विचारून टाकावं.

‘अजून राग आहे?’

‘कसला?’

‘दोन आठवडे बोलत नाही माझ्याशी.’

मिस्त्रींनी समोरून येणाऱ्या बसकडे बघितलं. त्यांची नव्हती. ‘राग पहिल्या रात्रीच गेला,’ ते म्हणाले. ‘माझं आहे असं वाटत होतं तेव्हा मी घाबरलो होतो, नाही असं नाही. पण आतून वाटायचं, ही आहे, ही करेल काय ते. फॉर्म भरेल, डॉक्टरांशी बोलेल, मला ओढून नेईल.’ त्यांनी रिपोर्टाची घडी गुडघ्यावर दाबली. ‘तुझं आहे म्हटल्यावर मला कळेना, आता कोण करणार.’

ती त्यांच्याकडे बघत राहिली. दाढी आज नीट झाली नव्हती, हनुवटीखाली एक पट्टा राहिला होता.

‘तुम्ही,’ ती म्हणाली. ‘केलंत की.’

बस आली. ती थांब्यावर थांबताना त्यांनी सवयीनं कान दिला, आणि चढता चढता ड्रायव्हरला म्हणाले, पुढचं उजवं बघून घे आजच्या आज, उद्यावर टाकू नको.